बाक कोणाचा बदलायचा?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: दिव्यांग विद्यार्थ्यांचा शाळेत होणारा छळ आणि त्यावर शाळा काढत असलेला तोडगा

महोदय,

फोंडा तालुक्यातील एका अनुदानित विद्यालयात 31 वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले. शाळेशी संबंध आता उरला तो शेजारपाजारच्या मुलांची निबंधाची वही तपासण्यापुरता. तरीही हे पत्र लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावरील एक आई संध्याकाळी माझ्याकडे आली आणि तिने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही.

तिची मुलगी सातवीत आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा नसण्याची अवस्था, आहे. चालताना तिचा डावा पाय ओढला जातो, बोलताना शब्द जुळवायला वेळ लागतो. बुद्धीने चांगली तल्लख आहे, कोडी सोडवण्यात तर मला हरवते. वर्गातील पाच मुलामुलींनी जिन्यावरून तिच्या मागे तिच्यासारखेच पाय ओढत उतरण्याचा खेळ सुरू केला. पुढे बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, थांब्यावर कोणा मोठ्या मुलाने तिच्या चालण्याचे मोबाइलवर चित्रीकरण केले आणि ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले. आई शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी तिला बसायला सांगितले, चहा मागवला, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तीन उपाय सुचवले. मुलीला ‘ब’ तुकडीत घालावे, मधल्या सुट्टीत तिने शिक्षक-खोलीत बसावे आणि बालरथाऐवजी आईनेच तिची ने-आण करावी. त्या पाच जणांना ‘समज दिली आहे’ असेही सांगितले. हे ऐकून आलेली ती आई माझ्या ओसरीवर बसून म्हणाली, “मावशे, आतां हांवें कितें करप?” (मावशी, आता मी काय करू?)

तिन्ही उपाय मुलीसाठी होते. तुकडी तिने बदलायची, मैदान तिने सोडायचे, गाडी तिने सोडायची. ज्यांनी छळले त्यांची तुकडी, त्यांचे मैदान आणि त्यांची बालरथातील जागा जशीच्या तशी राहिली. मुख्याध्यापक दुष्ट नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण माझ्या वर्गात असा प्रसंग आला तेव्हा मीही हेच केले होते.

सुमारे 15 वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. दोन्ही कानांनी त्याला फार कमी ऐकू येई आणि तो कानामागे बसणारे यंत्र लावत असे. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांना ठाऊक असेल की त्याच्याजवळ हाताचा तळवा नेला की ते बारीक शिट्टी वाजवते, कारण बाहेर पडलेला आवाज तळव्यावर आपटून पुन्हा यंत्रातच शिरतो. हा शोध वर्गातील मुलांना जूनमध्येच लागला. मागच्या बाकावरचा मुलगा जांभई दिल्यासारखा हात लांब करी, तळवा याच्या कानापाशी नेई आणि शिट्टी वाजे. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असे. शिट्टी ऐकली की वळून “कोण रे तो?” असे दरडावत असे आणि सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळत. दोन-चार वेळा मी त्यालाच उभे केले. पुढे शिट्ट्या बंद झाल्या. मला वाटले, वर्ग सुधारला. प्रत्यक्षात त्याने वर्गात यंत्र बंद करून ठेवायला सुरुवात केली होती. सहामाहीत त्याचे गुण घसरले आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने लिहिले, ‘वर्गात लक्ष नसते.’

आपल्याकडील पावसाळ्यात अशा यंत्रांना ओल लागते. म्हणून त्याच्या आईने सिलिका जेलच्या पुड्या घातलेली एक डबी त्याच्या दप्तरात ठेवली होती. खेळाच्या तासाला तो यंत्र काढून त्या डबीत ठेवी. एके दिवशी ती डबी नळाखाली धरलेली सापडली, यंत्रासकट. तेव्हा कुठे मी जागी झाले आणि काय केले, तर त्याला चौथ्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर बसवले. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसण्याची परवानगी दिली. खेळाच्या तासाला गुणफलक लिहिण्याचे काम दिले. ज्यांनी डबी भिजवली त्यांना वर्गासमोर त्याचा हात हातात घेऊन ‘सॉरी’ म्हणायला लावले आणि प्रकरण मिटले, अशी नोंद मनातल्या मनात करून टाकली.

चार वर्षांपूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात तो मला भेटला. आता एका छापखान्यात नोकरीला आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी त्या बाकाचा विषय काढला. मनात कुठे तरी होते की तो आभार मानील. तो अवघडून हसला आणि म्हणाला, “टीचर, मी ओठ बघून अर्धे समजून घ्यायचो. पहिल्या बाकावर बसलो तेव्हा तुमचे ओठ दिसायला लागले, पण मागे कोण काय बोलून हसतेय ते दिसायचे बंद झाले.” एवढे बोलून तो सुपाऱ्यांच्या घोसाची किंमत विचारायला पुढे गेला.

हे सगळे लिहिण्याचे कारण आत्मनिंदा नव्हे. आपल्या शाळांतून या प्रश्नावर जो तोडगा काढला जातो तो बहुतेक वेळा सोसणाऱ्या मुलालाच हलवण्याचा असतो, तो दयेपोटी काढला जातो आणि म्हणूनच त्यातली चूक कोणाला दिसत नाही, हे मला सांगायचे आहे. हलवलेल्या मुलाला त्यातून कळते की गोंधळाचे मूळ तेच आहे. वर्गालाही तेच कळते. ‘तिला त्रास दिला की तिलाच हलवतात’ हा धडा मुले व्याकरणापेक्षा लवकर शिकतात.

यावर नेहमी ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘चिडवाचिडवी सगळ्याच मुलांत होते.’ होते, हे खरे आहे. परंतु मस्ती आणि छळ यांतील फरक जगभरच्या अभ्यासकांनी पुष्कळ आधी सांगून ठेवला आहे. नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी 1970च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला आणि छळाच्या तीन खुणा सांगितल्या. तो हेतुपुरस्सर असतो, पुन्हापुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. दोन सारख्या ताकदीच्या मुलांची झोंबाझोंबी ही भांडण असते आणि तिथे ‘दोघेही हात मिळवा’ हे चालून जाते. ज्याला पळता येत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला झाले ते नीट सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत तिसरी खूण पहिल्या दिवसापासून हजर असते. अशा मुलाला आणि त्याला छळणाऱ्याला समोरासमोर उभे करून ‘काय झाले ते दोघांनी सांगा’ म्हणणे म्हणजे ज्याची जीभ सरळ चालते त्याच्या बाजूने निकाल देण्यासारखे आहे. समेट घडवण्याची आपल्याला मोठी हौस असते. या ठिकाणी ती आवरली पाहिजे.

शिवाय दिव्यांग मुलांचा छळ पुष्कळदा छळासारखा दिसतच नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला पुष्कळदा विशिष्ट आवाज सहन होत नाहीत. ते हेरून मुले बाकावर पेनाने ठकठक करत राहतात, हळू, शिक्षकांना ऐकू न जाईल अशी, आणि तो मुलगा कान झाकून किंचाळला किंवा त्याने वही फेकली की सगळी चूप. शिक्षक पाहतात ती शेवटची वही. शिक्षा त्याला, पालकांना बोलावणे त्याच्या आणि शेरा त्याच्या नावावर. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वाट्याला याहून विचित्र प्रकार येतो. त्यांच्याशी मैत्री केली जाते. ‘जा, त्या टीचरला असे म्हण’, ‘आपल्याला क्रीमचा पाव आण’, ‘तुझे खाऊचे पैसे माझ्याकडे ठेव’ असे सांगणारे मित्र त्या मुलाला खरेच मित्र वाटतात आणि घरी तो त्यांची नावे आनंदाने सांगतो. आईवडील सुखावतात. अशी मैत्री उघडकीला येते तेव्हा त्या मुलाला आपण फसवले गेलो हे सांगणे छळापेक्षाही कठीण होऊन बसते.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे दुखणे आणखी निराळे आहे. त्यांच्यात वरवर वेगळे काहीच दिसत नाही. परीक्षेला जादा वेळ किंवा लेखनिक मिळाला की वर्गात कुजबुज सुरू होते आणि ती घरातून आलेली असते. ‘त्याला काय, सवलत आहे’ हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ऐकले त्याच्या दुप्पट वेळा पालकसभेत ऐकले आहे. ज्या मुलाचा वाचताना ‘ब’ आणि ‘भ’ यांत गोंधळ होतो, त्याला तासन्‌तास वर्गासमोर उभे करून वाचायला लावणाऱ्या आम्हा भाषाशिक्षकांनीच त्याचे हसे प्रथम केलेले असते. मुले फक्त ते पुढे चालवतात.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करते, कारण तो माझा जन्मभराचा विषय. आपल्या वाड्यावाड्यांतून केप्पो, कुड्डो, मोनो, पिसो (बहिरा, आंधळा, मुका, वेडा) ही कोकणी नावे किती सहज दिली जातात आणि ती माणसाला सरणापर्यंत चिकटतात. मराठीने तरी मागे का राहावे? ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’, ‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’. या म्हणींचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न मी कित्येकदा काढला आहे आणि ज्या वर्षी तो यंत्र लावणारा मुलगा माझ्या वर्गात होता त्या वर्षीही काढला होता. म्हणी कोशातून पुसून टाका, असे माझे म्हणणे नाही. समोरच्या बाकावर कोण बसले आहे हे पाहून त्या शिकवाव्यात, एवढेच म्हणते. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतील आणि दृक्‌श्राव्य माध्यमांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. त्यात दिव्यांगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद आणि दिव्यांग व्यक्तीला हिणवणारा विनोद यांत न्यायालयाने स्पष्ट भेद केला आहे. जो भेद चित्रपटवाल्यांनी पाळायचा तो स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यात तोतऱ्या नोकराचे पात्र घालणाऱ्या आम्हीही पाळायला हरकत नाही.

कायद्याचे म्हणाल तर कायद्याची उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016चा. जुन्या 1995च्या कायद्यात सातच प्रकार होते, या कायद्याने ते 21 केले आणि त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचाही समावेश झाला. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता सामावून घ्यायचे आहे आणि त्यांच्या गरजेनुसार सोयी करून द्यायच्या आहेत, हे कलम 16 सांगते. कलम 31 तर या पत्राच्या विषयाला थेट भिडणारे आहे. ठरावीक प्रमाणाइतके किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि निवड त्या मुलाची आहे. ‘तुमच्या मुलीला विशेष शाळेतच बरे पडेल’ असे छळाची तक्रार घेऊन आलेल्या आईला सुचवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. पर्वरीचे संजय स्कूल किंवा ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान यांनी केलेले काम मी जवळून जाणते आणि त्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण ज्या मुलाला त्या शिक्षणाची गरज आहे त्याने तिथे जावे. आमच्या वर्गातील पाच उनाडांना वळण लावता येत नाही म्हणून कोणाला तिथे पाठवणे हा त्या संस्थांचाही अपमान आहे.

आपल्या राज्याने तर 2003 सालीच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. गोवा बाल कायदा म्हणून तो ओळखला जातो आणि त्याखाली बाल न्यायालयही आहे. त्यातील अत्याचाराच्या व्याख्येत केवळ मारहाण येत नाही. मूल म्हणून, माणूस म्हणून असलेली त्याची प्रतिष्ठा शब्दाने किंवा कृतीने हिणकस ठरवणारे वर्तनही त्यात येते, आणि असे वर्तन वारंवार घडले पाहिजे अशीही अट त्या व्याख्येत नाही. हे वाक्य किती शिक्षक-खोल्यांतून लावलेले आहे? शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शिक्षकांनी मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. आणि प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल, मग करणारा विद्यार्थी का असेना, तर 2012च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शाळेचे नाव खराब होईल म्हणून तो खोलीच्या आत मिटवणारा संस्थाप्रमुख स्वतः गुन्हेगार ठरतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींच्या बाबतीत हे मिटवणे किती सोपे असते, ते मी येथे अधिक सांगत नाही.

तरीही बारा वर्षांच्या मुलांमागे पोलीस लावावेत, अशी माझी मागणी नाही. जिन्यावर नक्कल करणारी मुले गुन्हेगार नव्हेत. त्यांतील एकाच्या घरी रोज काय चालते ते सारा वाडा जाणतो, आणि ज्याला घरी कोणी ऐकत नाही त्याला शाळेत कोणाला तरी आपल्यापेक्षा खाली पाहायचे असते. एवढेच की त्याच्यावर दया करताना तिचा बळी देऊ नये. तो मुलगा समुपदेशकाकडे गेला पाहिजे, त्याच्या आईवडिलांशी कोणी तरी अपमान न करता बोलले पाहिजे आणि त्याच वेळी मधल्या सुट्टीत जिन्यावर जायला काही आठवडे त्याला बंदी असली पाहिजे. मैदान सोडायचेच असेल तर ते त्याने सोडावे, थोड्या दिवसांसाठी, कारण सांगून.

शाळेने करायचे काय, यावर मला अनुभवाने दोन-तीन गोष्टी कळल्या आहेत, काही उशिरा. छळ वर्गात शिक्षकासमोर फारसा होत नाही. तो जिन्यावर होतो, पाण्याच्या नळापाशी, शौचालयाच्या दारात, मध्यान्ह आहाराच्या रांगेत आणि बालरथात. म्हणजे जिथे मोठे माणूस नसते तिथे. माझ्या त्या विद्यार्थ्याची आई मला पुढे कधी तरी सांगत होती की तो घरी आला की दप्तर टाकून आधी शौचालयात धावे. शाळेत जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नसे. भरलेली पाण्याची बाटली रोज तशीच परत येत होती आणि ती बाटली कोणी वाचली नाही. तेव्हा मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक खोलीत पावभाजी खात बसतो त्यातल्या दोघांनी पाळीपाळीने नळापाशी आणि जिन्यावर उभे राहावे, याला शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही. बालरथात मदतनीस असतो. त्याला दार उघडण्याखेरीज आणखी काय पाहायचे हे कोणी सांगितलेले नसते. वर्षारंभी अर्धा तास त्याच्याशी बोलले तर पुष्कळ फरक पडेल.

तक्रार आली की ती लिहून घ्यावी. तारीख, जागा, कोण हजर होते आणि नेमके कोणते शब्द वापरले, हे सगळे. ‘चिडवले’ असे लिहू नये, काय म्हणून चिडवले ते लिहावे, कारण ‘चिडवले’ हा शब्द वाचून कोणाला काहीच वाटत नाही. मुलांना वेगवेगळे बोलवावे आणि ज्या मुलाला बोलायला वेळ लागतो त्याला तेवढा वेळ द्यावा. चित्र काढून, खूण करून, लिहून सांगितलेलेही सांगितलेच धरावे. ज्याला खुणांची भाषा लागते त्याच्यासाठी ती जाणणारे माणूस आणावे, त्याच्याच वर्गमित्राला दुभाषा करू नये. चित्रफीत फिरली असेल तर ती पुसण्याआधी ती कोणत्या गटावर, कधी आली याची नोंद करावी आणि मग ती प्रत्येक फोनमधून काढून टाकल्याची खात्री करावी. आणि कृपा करून वर्गासमोर माफी मागायला लावू नये. त्या हात मिळवण्याच्या समारंभात माझ्या विद्यार्थ्याचा तळवा किती थंड होता, ते मी त्याच्या शेजारी उभी राहूनही पाहिले नाही, हे मला आता उमगते. वर्गाला मात्र फुकटचा तमाशा मिळाला. एक आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने त्या मुलाला बाजूला घेऊन ‘आता कसे आहे?’ असे विचारणारे एक माणूस शाळेत नेमलेले असावे. प्रकरण मिटले की नाही ते त्या मुलाने सांगायचे असते.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ती बघणारी मुले. छळणारे पाच असतील तर पाहून हसणारे पंधरा असतात आणि आत कुठे तरी वाईट वाटणारे त्याहून अधिक. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने आखलेला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम नेमका या बघ्यांवर भर देतो. प्रेक्षक हसायचे थांबले की खेळ चालत नाही, हा त्यामागचा साधा विचार आहे. दशावतारी पाहत वाढलेल्या आपल्याला तो समजावून सांगावा लागू नये. प्रत्येक मुलाने धावून जाऊन मारामारी करावी, असे कोणी म्हणत नाही. न हसणे, चित्रफीत पुढे न पाठवणे, सुट्टीत त्या मुलीशेजारी जाऊन बसणे आणि टीचरला येऊन सांगणे एवढे त्यांना शिकवता येते. पण सांगायला आलेल्या मुलाला ‘चहाडी करू नको’ म्हणून आम्ही परत धाडतो. मीही धाडले आहे. चहाडी आणि मदत मागणे यांतील फरक पहिलीतच समजावून देता येतो.

त्याचबरोबर दिव्यांगत्वाविषयी वर्गाशी बोलताना त्या एका मुलाकडे पाहून बोलू नये. ‘आपल्या वर्गात एक खास मुलगी आहे, तिला सगळ्यांनी सांभाळून घ्या’ असे भाषण ऐकले की ती मुलगी जमिनीत गडप व्हायला पाहते. बोलायचेच तर आधी तिला आणि तिच्या घरच्यांना विचारावे, काय सांगावे आणि काय नाही ते त्यांनी ठरवावे. माझ्या वर्गात मी एकदाच जरी यंत्र शिट्टी का वाजवते हे विज्ञानाच्या शिक्षकांकडून सांगवून घेतले असते, तर त्यातली गंमत दोन दिवसांत संपली असती असे मला वाटते.

या कामाला हात कमी पडतात, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांचा प्रश्न हाताळला, त्यानंतर प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरावर 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. अनेक शाळांतून अशा मुलांची संख्या दोन-तीन असते, म्हणून एका शिक्षकाने चार शाळा फिरायच्या. तो मंगळवारी येतो आणि छळ बुधवारी होतो. त्यामुळे विशेष शिक्षक आले म्हणजे वर्गशिक्षक सुटले, असे होत नाही. मुलगी ज्या वर्गाच्या हजेरीपटावर आहे त्या वर्गाचे शिक्षक तिचे शिक्षक.

आपल्या राज्यात जानेवारी 2023मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला. मी तिथे दोन दिवस गेले होते. जांभळ्या रंगाने सजलेला रस्ता, सराईतपणे फिरणाऱ्या चाकांच्या खुर्च्या, मंचावर खुणांच्या भाषेत चाललेले निवेदन हे सारे पाहून अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो. माझी विनंती अशी आहे की त्या जांभळ्या रंगाचा एक कपटा प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर यावा. त्यावर शाळेत तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव, किती दिवसांत उत्तर मिळेल ती मुदत, मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक आणि शाळेने ऐकले नाही तर राज्य दिव्यांग आयुक्त व राज्य बाल हक्क संरक्षण आयोग यांचे पत्ते, एवढेच असावे. अक्षरे मोठी असावीत, आणि फलक चाकाच्या खुर्चीतून वाचता येईल एवढ्या उंचीवर लावावा. शिक्षण खात्याने हे काम मनावर घेतले तर ते एका महिन्यात होण्यासारखे आहे.

त्या आईला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. तुकडी बदलायला नाही म्हण, असे सांगितले. मुलीला मात्र आधी विचार, तिला स्वतःलाच ‘ब’ तुकडीत जायचे असेल तर प्रश्न वेगळा. तिने विचारले. मुलगी म्हणाली की तिची मैत्रीण ‘अ’ तुकडीत आहे आणि तिला तिथेच राहायचे आहे. मग आम्ही दोघींनी एक वही घातली. जे घडते ते मुलगी तिच्या शब्दांत सांगते आणि आई तारखेसह लिहून ठेवते. दुरुस्ती करायची माझी जुनी सवय मी आवरते. आजपर्यंत त्यात 11 नोंदी झाल्या आहेत. येत्या सोमवारी साडेदहा वाजता मुख्याध्यापकांनी वेळ दिली आहे. वही घेऊन आम्ही दोघी जाणार आहोत आणि मुलगीही येणार आहे, कारण तिला स्वतः काही सांगायचे आहे. तिला बोलायला वेळ लागतो, म्हणून निदान अर्धा तास राखून ठेवावा असे मी त्यांना फोनवर सांगून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
बोरी, फोंडा-गोवा